सापळा लावण्याआधी: वन्यप्राणी पकडण्याचे कायदे आणि बंदी असलेले सापळे

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणता सापळा घेऊ?’ कायद्याच्या हिशेबात हा तिसरा प्रश्न आहे. पहिला म्हणजे पकडायचंय कोणाला. दुसरा बहुतेकांना सुचतो तो प्राणी पिंजऱ्यात येऊन बसल्यावर: आता याचं करायचं काय? या दोन्हींची उत्तरं आधी कागदावर लिहून काढा. सापळ्याची निवड निम्मीअधिक तिथेच होते. पुष्कळदा तर सापळा लावायचाच नाही, असंही ठरतं.

कायदे देशागणिक बदलतात, अमेरिकेत तर राज्यागणिक. त्यामुळे तुमच्या भागाचा नियम इथे तयार मिळणार नाही. तो कुठे शोधायचा, कसा वाचायचा आणि कोणत्या शब्दापाशी थांबायचं, ते इथे सांगतो.

पहिली पायरी: प्राणी नक्की कोणता?

अंदाजावर जाऊ नका. पावलांचे ठसे, विष्ठा, कुरतडल्याच्या खुणा बघा. जमलं तर रात्री आपोआप फोटो काढणारा कॅमेरा दोन-तीन रात्री लावून ठेवा. ओळख थोडी चुकली तरी कायदा पूर्ण बदलू शकतो. ब्रिटनमधलं उदाहरण घ्या. तिथे स्टोट आणि वीझल हे दोन लांबुडके, तपकिरी, चपळ प्राणी दुरून सारखेच दिसतात. स्टोट थोडा मोठा असतो आणि त्याच्या शेपटीचं टोक काळं असतं. १ एप्रिल २०२० पासून तिथे स्टोटसाठी एका आंतरराष्ट्रीय कराराच्या कसोटीला उतरलेलेच सापळे चालतात. वीझल त्या करारात नाही, त्यामुळे त्याच्यासाठी जुने काही सापळे अजून चालतात. म्हणजे शेपटीच्या टोकाच्या रंगावर तुमचा सापळा कायदेशीर की बेकायदा हे ठरतं.

प्राणी ओळखला की त्याचं कायद्यातलं स्थान बघा. ढोबळमानाने कायदे दोन वाटांनी जातात. काही कायदे प्राण्याकडून सुरू होतात. भारताचा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ याच जातीचा. त्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पकडणं, फास लावणं, सापळ्यात अडकवणं हे सगळं येतं, आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा. अनुसूचीत (कायद्याला जोडलेल्या यादीत) असलेल्या प्राण्यासाठी सापळा मांडला आणि तो रिकामा राहिला, तरी ‘काही सापडलंच नाही’ ही सबब चालत नाही. सापळा मऊ होता की दातेरी, हा मुद्दा तिथे येतच नाही. परवानगी देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे असतो, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत त्यांचेही हात बरेच बांधलेले असतात. प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झालेला असावा लागतो, किंवा बरा न होण्याइतका जखमी अथवा आजारी. गुन्ह्यात वापरलेला सापळा सरकारजमा होतो. हा कायदा २०२२ मध्ये दुरुस्त झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यातल्या सहा अनुसूचींच्या चार झाल्या. जुनं पुस्तक किंवा जुना तक्ता हाताशी असेल, तर तो आता संदर्भ म्हणून वापरू नका.

दुसऱ्या वाटेचे कायदे सापळ्याकडून सुरू होतात: हा प्रकार चालेल, तो चालणार नाही, हा अमुक प्राण्यासाठी अमुक पद्धतीनेच मांडायचा. ब्रिटन, न्यूझीलंड, कॅनडाचे प्रांत इथे असे नियम सापडतात. बऱ्याच ठिकाणी दोन्ही वाटा एकत्र असतात आणि घोटाळा तिथेच होतो. सापळा मान्यताप्राप्त असतो पण प्राणी संरक्षित निघतो, किंवा प्राण्याला परवानगी असते पण सापळ्याला नसते. दोन्ही परवानग्या वेगळ्या आहेत असं धरूनच चला.

दुसरी पायरी: पकडायलाच हवं का?

ही पायरी लहान आहे, पण गाळू नका. अन्नाचा वास, उघडी कचरापेटी, भिंतीतलं भोक हे तसंच ठेवून प्राणी पकडला तर पंधरवड्यात दुसरा येतो. आत शिरलेल्याला बाहेर जाता येईल पण परत येता येणार नाही अशी झडप बसवली की अनेकदा काम भागतं. मात्र आत पिल्लं आहेत का ते आधी बघा, नाहीतर आई बाहेर आणि पिल्लं आत अशी गत होते. काही परवान्यांच्या अटींत ‘आधी कोणते इतर उपाय केले’ हे लिहून द्यावं लागतं. केलेल्या उपायांचे तारखेसह फोटो काढून ठेवा.

तिसरी पायरी: सापळ्याचा प्रकार ओळखा

सर्वांत जास्त बंदी असलेला प्रकार म्हणजे पाय धरणारा लोखंडी चाप. दोन अर्धगोल जबडे, मध्ये पत्र्याची चकती, बाजूला स्प्रिंग. चकतीवर पाय पडला की जबडे मिटतात. हा चाप मारत नाही, धरून ठेवतो. खरा त्रास तिथून पुढे सुरू होतो. रक्तपुरवठा तुटतो, प्राणी हिसके देतो, हाड मोडतं, आणि काही प्राणी स्वतःचाच पाय चावून तोडतात. असा चाप पहिल्यांदा हाताळलात तर त्यात बोट नव्हे, लाकडाची जाड काठी घालून तो मिटवा. काठीवर उठलेला वळ बघितला की कायद्याने एवढा कडकपणा का केला ते कळतं.

दातेरी जबड्यांचा जुना ‘जिन’ चाप इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५४ च्या कायद्याखाली ३१ जुलै १९५८ पासून बंद झाला. युरोपीय समुदायाने (आजचा युरोपीय संघ) १९९१ मध्ये नियम क्रमांक ३२५४/९१ काढला आणि १९९५ च्या सुरुवातीपासून असे चाप वापरायला बंदी घातली. या नियमातली व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. प्राण्याच्या एका किंवा अधिक पायांवर जबडे घट्ट मिटून पाय बाहेर काढता येणार नाही असं साधन, एवढंच ती म्हणते. दात असायला हवेत असं त्यात कुठेही नाही. त्यामुळे ‘आमच्या चापाला रबर लावलंय, तो मऊ आहे’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद तिथे उपयोगाचा नाही. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. अनेक राज्यांत हे चाप अजून चालतात, काही ठिकाणी मिटल्यावर जबड्यांमध्ये फट राहील असेच घ्यावे लागतात. कोलोरॅडो आणि मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी १९९६ मध्ये आणि कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ मध्ये त्यांच्यावर कडक निर्बंध आणले. न्यू मेक्सिकोने सार्वजनिक जमिनीवर चाप, फास आणि विष यांना १ एप्रिल २०२२ पासून मनाई केली. तो कायदा फासात अडकून मेलेल्या एका पाळीव कुत्रीच्या नावाने, ‘रॉक्सीचा कायदा’ म्हणून ओळखला जातो.

दुसरा प्रकार फास. तारेचा फास दोन तऱ्हेचा असतो आणि फरक हाताने तपासता येतो. फास ओढून घट्ट करा आणि तार सोडून द्या. वळसा आपोआप सैल झाला तर तो मोकळा सरकणारा. घट्टच राहिला तर तो स्वतःहून आवळत जाणारा, प्राणी जितका ओढेल तितका रुतणारा. ब्रिटनमध्ये हा दुसरा प्रकार १९८१ च्या कायद्यापासून बेकायदा आहे. पुढे वेल्सने १७ ऑक्टोबर २०२३ पासून सगळ्याच फासांवर बंदी घातली आणि स्कॉटलंडने २०२४ च्या नोव्हेंबरात. फासाची मुख्य अडचण अशी की तो समोर कोण आलंय ते ओळखत नाही. कोल्ह्याच्या वाटेवर लावलेल्या फासात बिज्जू, मांजर, ससा कोणीही अडकतं.

तिसरा म्हणजे अंगावर मिटून मारणारा चौकटीचा सापळा. कॅनडातल्या फ्रँक कोनीबेअर नावाच्या शिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या मध्याला तो बनवला, म्हणून त्याचं नावच ‘कोनीबेअर’ पडलं. उद्देश चांगला होता: प्राणी तासन्‌तास तडफडण्याऐवजी लगेच मरावा. पण मोठ्या आकाराच्या चौकटीत कुत्र्याचं डोकं सहज जातं आणि दोन मजबूत स्प्रिंगा घाबरलेल्या मालकाच्या हाताने उघडत नाहीत. त्यामुळे मोठे आकार जमिनीवर मांडायला अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मनाई आहे, पाण्याखाली मात्र परवानगी असते. नियम वाचताना आकाराचा आकडा आणि ‘कुठे’ हा शब्द जोडीने बघा.

चौथा चिकट फळ्यांचा. उंदरासाठी म्हणून सर्रास वापरल्या जाणाऱ्या या फळ्यांवर पाली, सापाची पिल्लं, चिमण्याही चिकटतात आणि तहान-भुकेने मरतात. न्यूझीलंडने १ जानेवारी २०१५ पासून त्यांची विक्री आणि वापर खास परवानगीशिवाय बंद केला. वेल्समध्ये फासांबरोबरच त्यांच्यावर बंदी आली. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून फक्त परवानाधारक व्यावसायिक त्या वापरू शकतात. दुकानात मिळते म्हणून वापरायला हरकत नाही, हा समज याच वस्तूच्या बाबतीत सर्वांत जास्त घात करतो.

पक्ष्यांसाठीचे काही प्रकार त्याहून जुने आहेत. फांदीला लासा म्हणजे चिकट द्रव लावून पक्षी चिकटवण्याची पद्धत युरोपच्या पक्षी निर्देशात (पक्ष्यांच्या संरक्षणाचा युरोपीय संघाचा कायदा) निषिद्ध आहे. फ्रान्सने सवलत घेऊन ती काही भागांत चालू ठेवली होती. मार्च २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती सवलत निर्देशात बसत नाही असं ठरवलं. ससाणे-घारी बसतात त्या खांबाच्या टोकावर चाप ठेवणं ब्रिटनमध्ये १९०४ पासून गुन्हा आहे. १९७९ च्या बर्न कराराच्या (युरोपातल्या वन्यजीवांच्या संरक्षणाचा करार) परिशिष्टात तर आरसे, कृत्रिम उजेड, ध्वनिमुद्रित आवाज, वीज, स्फोटकं, विष अशी निषिद्ध साधनांची यादीच आहे. जाळं टाकायचा किंवा मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचा विचार असेल, तर आधी ती यादी बघा.

राहिला पिंजरा. तो सौम्य मानला जातो, आणि बहुतेक वेळा आहेही. पण संरक्षित प्राणी पिंजऱ्यात पकडला तरी तो पकडलाच.

चौथी पायरी: ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे काय ते वाचा

वर ज्याचा उल्लेख आला तो आंतरराष्ट्रीय करार कॅनडा, रशिया आणि युरोपीय संघ यांच्यातला. तो जन्माला आला व्यापारातून. युरोपच्या १९९१ च्या त्या नियमाने चाप वापरणाऱ्या देशांकडून तेरा जातींच्या प्राण्यांची कातडी आयात करायलाही अट घातली, आणि कातडी विकणारे देश वाटाघाटीला बसले. अमेरिकेने त्याच सुमाराला वेगळा समझोता केला. या करारात १९ जातींचे प्राणी आहेत. मारणाऱ्या सापळ्याची कसोटी अशी: निदान १२ प्राण्यांवर चाचणी, आणि त्यांपैकी किमान ८० टक्के प्राणी ठरलेल्या वेळेत बेशुद्ध आणि संवेदनाहीन व्हायला हवेत. स्टोटसाठी ही वेळ ४५ सेकंद, मार्टेनसाठी (वीझलच्याच कुळातला थोडा मोठा प्राणी) १२० सेकंद, बाकीच्यांसाठी ३०० सेकंद. धरून ठेवणाऱ्या सापळ्यासाठी निदान २० प्राणी, आणि त्यांतल्या ८० टक्क्यांत मोडलेलं हाड, तुटलेला स्नायुबंध, डोळ्याला इजा, गर दिसेल असा तुटलेला दात अशा यादीतली कोणतीही खूण असता कामा नये.

आकडे नीट वाचा. ३०० सेकंद म्हणजे पाच मिनिटं, आणि ८० टक्के म्हणजे दर पाचातला एक कसोटीबाहेर गेला तरी सापळा उत्तीर्ण. ‘मान्यताप्राप्त’ हा शिक्का म्हणजे वेदनारहित असल्याची हमी नव्हे, किमान मर्यादा आहे. माझ्या मते ज्याला पर्याय आहे त्याने या किमान मर्यादेवर समाधान मानू नये.

मान्यतेला अटी चिकटलेल्या असतात. ब्रिटनच्या मान्यता आदेशात प्रत्येक सापळ्याचं नाव आणि मॉडेल असतं, समोर प्राण्यांची नावं, आणि शेजारी ‘नैसर्गिक किंवा कृत्रिम बोगद्यातच मांडावा’ अशी ओळ. तोच सापळा उघड्यावर ठेवला की मान्यता संपली. म्हणून खोक्यावरचं ‘मंजूर’ वाचून थांबू नका. आदेशाची सध्याची आवृत्ती काढा आणि मॉडेलचा आकडा अक्षर न्‌ अक्षर जुळवून बघा.

पाचवी पायरी: जागा, नाव, नोंद

जमिनीच्या मालकाची परवानगी लेखी घ्या. पायवाटा आणि घरांपासूनच्या अंतराचा नियम असेल तर पावलांनी नव्हे, टेपने मोजा. सापळ्यावर नाव किंवा परवाना क्रमांकाची पट्टी लागत असेल तर ती पावसात पुसणार नाही अशी कोरून लावा. आणि वहीत लिहा: किती सापळे, कुठे, किती वाजता मांडले. ही वही पुढे दोनदा लागणार आहे.

सहावी पायरी: तपासणी

नियमभंग सर्वांत जास्त इथे होतो, आणि तोही वाईट हेतूने नव्हे, आळसाने. इंग्लंडमध्ये जिथे फास चालतो तिथे तो रोज किमान एकदा बघावाच लागतो. न्यूझीलंडमध्ये जिवंत पकडणारा सापळा, मांडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज, सूर्योदयानंतर १२ तासांच्या आत तपासायचा असतो. अमेरिकेतल्या आयडाहोसारख्या राज्यात हीच मुदत ७२ तास आहे. तीन दिवस!

कायदा काही म्हणो, पिंजरा पहाटे उजाडताच बघावा आणि शक्य असेल तर झोपण्यापूर्वीही एकदा. बहुतेक लहान सस्तन प्राणी रात्री हिंडतात. पहाटे अडकलेला प्राणी दुपारपर्यंत उन्हात राहिला तर पाण्यावाचून मरू शकतो आणि थंडीच्या रात्री ओल्या तारेवर बसलेला गारठून. घाबरलेला प्राणी जाळी चावतो, त्यात दात तुटतात. हरणासारख्या प्राण्यांमध्ये झटापटीने स्नायूच खराब होतात. बाहेरून धडधाकट दिसणारा, सोडून दिलेला प्राणी काही दिवसांनी त्यामुळे दगावतो. म्हणून पिंजऱ्याच्या दोन-तृतीयांश भागावर आधीपासून गोणपाट टाका, तळाशी कोरडं गवत घाला, आणि बारीक छिद्रांची जाळी निवडा. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात ब्रिटनच्या परवान्यांनुसार अन्न, पाणी, आडोसा आणि बसायला दांडी लागते.

दार पडलं की मोबाइलवर संदेश पाठवणारी साधनं मिळतात आणि ती उपयोगी आहेत. पण तो संदेश म्हणजे तपासणी झाली असं तुमचा नियम मानतो का, ते आधी वाचा. बॅटरी उतरली तर फोन गप्पच राहणार.

उद्या सकाळी जाता येणार नाही असं दिसत असेल तर आज रात्री सापळा मांडू नका. दार तारेने बांधून टाका. यापेक्षा साधा नियम नाही.

सातवी पायरी: पकडल्यावर

सुरुवातीला लिहून ठेवलेलं दुसरं उत्तर आता बाहेर काढा.

‘लांब नेऊन जंगलात सोडतो’ हे ऐकायला दयाळू वाटतं. पण अनेक ठिकाणी तो गुन्हा आहे, आणि त्यामागे कारण आहे. १९७० च्या दशकात शिकारीसाठी अमेरिकेच्या आग्नेय भागातून रॅकून उत्तरेकडे आणून सोडले गेले. त्यांच्याबरोबर रेबीज आला. १९७७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात तो दिसला आणि पुढे साऱ्या पूर्व किनाऱ्यावर पसरला. आजही तिथल्या बऱ्याच राज्यांत पकडलेला रॅकून दुसरीकडे नेता येत नाही. रोग नसला तरी अनोळखी जागी सोडलेल्या प्राण्याला ना बीळ माहीत, ना पाणी, आणि तिथे आधीपासून राहणारे त्याला हुसकावतात. इंग्लंडमध्ये करड्या खारीचं तर उलटंच आहे. ती परकी, उपद्रवी जात असल्याने एकदा पकडली की परवान्याशिवाय सोडता येत नाही.

मग मारायचं म्हटलं तर कसं, यालाही कायदा आहे. मोकळा वन्यप्राणी आणि पिंजऱ्यातला प्राणी यांत ब्रिटनचा २००६ चा प्राणी कल्याण कायदा फरक करतो. पिंजऱ्यात आला की तो ‘माणसाच्या ताब्यातला’ होतो आणि त्याला अनावश्यक यातना देणं हा गुन्हा ठरतो. पिंजऱ्यासकट पाण्याच्या पिंपात बुडवणं ही जुनी रीत. २०१० मध्ये एका इसमाने करडी खार अशीच बुडवली आणि तो न्यायालयात दोषी ठरला. खार पकडणं कायदेशीर होतं, मारणंही. पद्धत नव्हती. तेव्हा हे काम तुम्हाला जमणार नसेल तर पशुवैद्य किंवा परवानाधारक माणूस आधी ठरवा आणि मगच सापळा मांडा.

भलताच प्राणी अडकला तर

हे कधी ना कधी होणारच. जखम दिसत नसेल आणि प्राणी त्याच जागचा असेल तर जागच्या जागी सोडा. गोणपाटाने झाकून, पिंजऱ्याच्या मागे उभं राहून, लांब दांड्याने दार उचला. तोंड कुठे आहे ते कळेपर्यंत हात आत घालू नका. रेबीजची शक्यता असलेल्या प्राण्याचा चावा किंवा ओरखडा झाला तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखमी किंवा संरक्षित प्राणी असेल तर हात न लावता वन्यजीव खात्याला कळवा. चूक लपवण्यापेक्षा वहीतल्या नोंदीसह स्वतः सांगितलेली बरी पडते. ही वही लागण्याची पहिली वेळ.

दुसऱ्या कोणाचा सापळा सापडला तर तो लगेच मोडायचा मोह होतो. कायदेशीर सापळ्याशी छेडछाड करणं अमेरिकेतल्या काही राज्यांत गुन्हा आहे, आणि बेकायदा सापळा उचललात तर पुरावाच नाहीसा होतो. फोटो काढा, ठिकाणाची खूण नोंदवा, कळवा. आत जिवंत प्राणी असेल तर लोकांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा आणि मदत येईपर्यंत शांतता राखा.

शेवटच्या दिवशी

काम संपलं की वही पुन्हा उघडा. मांडलेले सापळे मोजा, परत आणलेले मोजा. आकडा जुळला नाही तर उद्यावर ढकलू नका, टॉर्च घेऊन त्याच दिवशी परत जा. गवतात राहिलेल्या पिंजऱ्याचं दार आमिष संपल्यावरही पडतं. जो सापडेल त्याचं दार तारेने बांधून मगच गाडीत ठेवा.